बॉडी बसवायचा रविवार

उघड्या चेसीवर बसून गाडी हाकणारा माणूस ज्याने पाहिला नाही, त्याने जुना पुणे-मुंबई रस्ता नीट पाहिलाच नाही. पिंपरीच्या कारखान्यातून ट्रकची नुसती चेसी बाहेर पडायची. पुढे इंजिन, मागे दोन लांबलचक लोखंडी दांडे, खाली चाकं, आणि जिथे केबिन असायला हवी तिथे निव्वळ हवा. त्या हवेत एका फळकुटावर ड्रायव्हर बसलेला. डोळ्यांवर गॉगल, कानांवरून मफलर, डिसेंबर असला तर अंगावर घोंगडीसुद्धा. दार नाही, काच नाही, छप्पर नाही. हा गृहस्थ अशा थाटात कुठल्यातरी परराज्यात बॉडी बांधून घ्यायला निघालेला असायचा. सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या लूनावाल्याकडे काडेपेटी मागू शकणारा हा जगातला एकमेव ट्रकड्रायव्हर.

इकडे दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, हे शाळेत पाठ करून घेतात. पण एसटी तयार कशी होते ते शाळेत कुणी सांगत नाही; ते दापोडीच्या फाटकासमोर उभं राहून कळायचं. आत जाणारी चेसी, बाहेर येणारी लाल बस. त्यामुळे आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पोरांना एक गोष्ट फार लवकर समजते: गाडी ही दोन तुकड्यांत असते. खाली चेसी, वर बॉडी. उरलेल्या महाराष्ट्राला गाडी अखंड दिसते, बिचाऱ्यांना.

सरकारचाही कौल चेसीच्याच बाजूने आहे. आरसीवर नंबर छापतात तो इंजिनाचा आणि चेसीचा. बॉडीला कुणी विचारत नाही. जुनी गाडी नावावर करायची म्हटलं की एजंट चेसीच्या दांड्यावरचं ग्रीस, चिखल आणि मागच्या तीन मालकांनी फासलेला काळा रंग खरवडतो, नंबरावर कागद ठेवतो आणि वरून पेन्सिल घासतो. कागदावर आकडे उमटले की गाडी आहे. नाही उमटले तर समोर उभी असलेली, हॉर्न वाजवणारी, धूर सोडणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने नाही.

अर्थात ही चैन सगळ्या गाड्यांच्या नशिबी नसते. अँबॅसेडर आणि पद्मिनी यांचा सांगाडा आणि कातडं एकच. त्यांची बॉडी उतरवायला गेलात तर खाली काहीच उरत नाही. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड मात्र चेसीवाली. आमच्या पिंपरीतच जन्मलेली १९९१ ची टाटा सिएरा चेसीवाली आणि १९९४ ची सुमोही चेसीवालीच. सुमंत मूळगावकरांच्या नावा-आडनावातली पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं घेऊन तिचं बारसं झालं, हे पिंपरीत लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी ना कुणी सांगतंच. पण या सगळ्यांची आजी म्हणजे जीप.

जीपची आपल्याकडची गोष्टही गमतीची आहे. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली, तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये पाटीवरचा मोहम्मद उतरून दुसरा महिंद्रा चढला, आणि १९४९ पासून मुंबईच्या माझगावात सुट्या भागांतून विलीज जीप जोडली जाऊ लागली. म्हणजे फाळणीच्या वाटणीत त्यांच्याकडे गव्हर्नर जनरल गेला आणि आपल्याकडे जीप राहिली. नंतरची सत्तर-पाऊणशे वर्षं ज्याने तहसीलदार, फौजदार, साखर कारखान्याचा चेअरमन आणि वऱ्हाडाची शेवटची खेप या चौघांना जीपमधून उतरताना पाहिलंय, तो आपला फायदा झाला असंच म्हणेल.

अशी एक उंच बोनेटची, पन्नाशी उलटलेली जीप थेरगावात, डांगे चौक आणि सोळा नंबर यांच्या मधल्या आमच्या गल्लीत आहे. बोनेट उंच का, तर आधीच्या जीपपेक्षा हिच्यात बसवलेलं इंजिन उंच होतं. झाकण बसेना, म्हणून झाकणच उंच केलं. इतका सरळ विचार करणारे इंजिनिअर हल्ली चाकणला मिळत नाहीत, असं गल्लीचं मत आहे.

आता थेरगावची गंमत अशी की इथे दगड मारला तर तो टेल्को, बजाज किंवा टेंपो यांपैकी कुठल्यातरी कंपनीतून रिटायर झालेल्या माणसाला लागतो. कंपन्यांनी नावं बदलली. टेल्कोची टाटा मोटर्स होऊन आणि बजाज टेंपोची फोर्स मोटर्स होऊन वीसेक वर्षं झाली. पण माणसं त्याच नावांनी ओळखली जातात: टेल्कोवाले काका, टेंपोवाले अण्णा. आणि एवढ्या मोटारतज्ज्ञांच्या गल्लीत जीप कुणाकडे असावी? बँकेतून रिटायर झालेल्या माणसाकडे. उभ्या आयुष्यात ज्याने पाना धरला नाही, अशा गृहस्थाकडे.

जीपवाल्या काकांनी जीप खोलली तेव्हा कुणाला बोलावलं नव्हतं. बॉडी उतरवायला चार माणसं आणि एक दुपार पुरली. खोलणं या देशात सगळ्यांना येतं. पण खोलताना काकांमधला कॅशियर जागा होता. निघालेला प्रत्येक नट, बोल्ट, वायसर त्यांनी नाण्यांच्या कापडी पिशव्यांत भरला, पिशवीला सुतळीने चिठ्ठी बांधली, आणि एका खातेवहीत जमा-नावे मांडलं. 'डावीकडील मागचा बॉडी बोल्ट, एक. गंजलेला. नावे.' चेसी भोसरीला जाऊन वाळूच्या फवाऱ्याखाली न्हाऊन, काळा रंग लावून परत आली. बॉडी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत टब, पत्रा बदलायला, ठोकायला, लांबी भरायला काळेवाडीच्या गॅरेजात गेला आणि परत येऊन पार्किंगमध्ये पडून राहिला. रिकामा टब पार्किंगमध्ये असला की माणसाला त्यात काहीतरी ठेवावंसं वाटतंच. गणेश मंडळाने पताका आणि झांजा ठेवल्या, कुणीतरी जुना कूलर ठेवला, काकूंनी एका उन्हाळ्यात त्याच्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळवल्या. रंग लागलेल्या गाडीचा असा उपयोग झालेला पाहून काका काही बोलले नाहीत. बँकेतली माणसं खात्यात पैसे नसताना बोलत नाहीत.

शेवटी बॉडी चेसीवर चढवायचा दिवस ठरवायची वेळ आली. आमच्या भागात हे साधं काम नाही. एमआयडीसीतल्या वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी, बँकांना रविवारी, चाकणच्या पोरांना शिफ्टप्रमाणे, आणि मिस्त्रींना अमावास्येला. रविवार निघाला तो रिटायर लोकांच्या सोयीने, म्हणजे त्यांना सगळे वार सारखे म्हणून.

काकांनी बोलावलं होतं फक्त मिस्त्रींना आणि उचलायला सहा जणांना. पण आदल्या रात्री त्यांनी काकूंना 'उद्या पोहे जरा जास्त टाक' असं खिडकी उघडी असताना सांगितलं. सकाळी साडेसातला, म्हणजे फर्स्ट शिफ्टवाल्यांच्या हिशेबाने अर्धा तास उशिराच, पार्किंगमध्ये एक अख्खा कारखाना जमला होता.

त्यात क्वालिटीवाले काका होते. त्यांनी आल्या आल्या माझ्या हातातला टॉर्च घेऊन टबाच्या कडेने तिरपा धरला, डोळा मिटला, आणि तळहाताची मागची बाजू पत्र्यावरून फिरवत तीन ठिकाणी खडूने गोल काढले. तिथे आम्हाला काहीच दिसत नव्हतं. 'दिसत नाही म्हणूनच तर माझी नोकरी होती,' ते म्हणाले. टूलरूमवाले अण्णा होते. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर असतो. पर्चेसवाले साहेब होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही. प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून 'कितीला?' एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून 'लुटलं तुम्हाला' म्हटलं. युनियनवाले दादा होते. त्यांचं लक्ष चहाच्या वेळेवर होतं. पाचशे बारावाले सुभेदार होते, म्हणजे खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढलेले. आणि एका कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, व्हीलनटवाले काका.

व्हीलनटवाल्या काकांबद्दल जरा सांगायला हवं. या माणसाने तीस वर्षं लाइनवर एकच काम केलं: चाकांचे नट आवळले. गाडी यायची, ते आवळायचे, गाडी जायची. गल्लीत गाड्यांचा विषय निघाला की यांना कुणी विचारत नसे, कारण यांना इंजिनातलं कळत नाही, गिअरमधलं कळत नाही, रंगातलं कळत नाही. ते लग्नाला गेले तरी बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या चाकांकडे पाहत आत जातात, एवढीच त्यांची ख्याती.

सुरुवात कर्ण मोजण्यापासून झाली. चेसी कधी अपघातात तिरकी झाली असेल तर बॉडी बसत नाही. म्हणून पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत, आणि मग उलट, टेप धरून मापं घ्यायची. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट सरळ. सुतार चौकट बसवताना नेमकं हेच करतो, पण तो सुतार असल्यामुळे त्याला कुणी पाहायला येत नाही. टूलरूमवाले अण्णा एका टोकाला, दुसऱ्या टोकाला चाकणच्या एका कारखान्यात रोबोंच्या लाइनवर असलेला इंजिनिअर मुलगा. फरक आला चार मिलिमीटर.

'चार मिलिमीटर!' अण्णांनी कपाळाला हात लावला. 'आमच्याकडे चार मायक्रॉनला जॉब भंगारात जायचा.'

'अहो, ही ओढ्यात उतरून पलीकडे चढायला बनवलीय,' सुभेदार म्हणाले. 'हिच्यात काचेचं कपाट न्यायचं नाहीये.'

क्वालिटीवाले काका म्हणाले, आधी मूळ कारण शोधा. पाच वेळा 'का' विचारा. पर्चेसवाले म्हणाले, चेसी घेतानाच तपासायला हवी होती. युनियनवाल्यांनी चहा मागवला. एवढ्यात मिस्त्री तोंडातली तंबाखू सांभाळत पुढे आले, इंजिनिअरच्या बाजूचं टेपचं टोक एका भोकातून काढून शेजारच्या भोकात घातलं, आणि काही न बोलता परत गेले. फरक संपला.

मग रबरांचा प्रश्न. लोखंडाची बॉडी लोखंडाच्या चेसीवर थेट ठेवत नाहीत. मध्ये प्रत्येक बोल्टाला जाड पॅकिंग लागतं, नाहीतर रस्त्याचा एकेक खड्डा मणक्यापर्यंत पोहोचतो. डांगे चौकातून रोज जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. परदेशी रबरांचा सेट मागवता येतो. पर्चेसवाल्यांनी त्याची किंमत ऐकून, लुटलं तुम्हाला म्हणायच्या आधीच, खुर्ची मागितली. मिस्त्रींनी भोसरीच्या एका वर्कशॉपमधून कन्व्हेयर बेल्टचा जुना तुकडा आणला होता. आत कापडाचे थर, वर रबर. तो हातभर तुकडा त्यांनी जमिनीवर ठेवला, वाटीएवढे गोल आखले, पाण्यात भिजवलेल्या सुरीने कापले, आणि मधोमध भोकं पाडली. कापताना सुरी अडली की पुन्हा पाण्यात बुडवायची, पुन्हा कापायचं. पोह्यांची दुसरी फेरी येईपर्यंत चकत्यांची चळत तयार झाली. टूलरूमवाल्यांनी एक उचलून व्हर्नियरमध्ये धरली, दुसरी धरली, आणि काहीही न बोलता व्हर्नियर खिशात ठेवला. तो दिवसातला सर्वात मोठा सन्मान होता.

आता इथे कायद्याचा मुद्दा आला, आणि तो आणला खुद्द जीपवाल्या काकांनी. बँकेतल्या माणसाला परिपत्रक पाठ असतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी असली तर तिला वेगळी मालिका, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. आणि नंबर मिळाला की ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही.

'म्हणजे वीस हजार भरून भाजी आणायला न्यायची नाही?' काकूंनी विचारलं.

'तशी चालतच नव्हती,' काका म्हणाले.

कन्व्हेयर बेल्टच्या चकत्या हा फेरफार होतो का, यावर क्वालिटीवाले आणि सुभेदार यांच्यात पाऊण तास चर्चा झाली. सुभेदारांचं म्हणणं, लष्करात जे हाताला लागेल तेच मूळ. क्वालिटीवाल्यांचं म्हणणं, याला डेव्हिएशन म्हणतात आणि त्याला लेखी मंजुरी लागते. मिस्त्री तोपर्यंत सगळ्या चकत्या चेसीवर मांडून मोकळे झाले होते.

उचलायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की जमलेल्या तज्ज्ञांपैकी एकाचेही गुडघे ठीक नाहीत. स्लॅबच्या हुकाला साखळी कप्पी लावायची सूचना सोसायटीच्या सेक्रेटरींनी वरच्या मजल्यावरूनच फेटाळली. शेवटी वेंगसरकर अकादमीच्या नेटमधून सायकलवर घरी निघालेली दोन पोरं अडवली. ही थेरगावची अकादमी, जिथे ऋतुराज गायकवाड घडला. आपलं पोरगंही घडावं म्हणून आई-बाप पहाटे उठून तिथे सोडतात, आणि ते जीपचा टब उचलून घरी येतं. पोरांनी किटबॅगा बाजूला ठेवल्या, हातमोजे घातले (बॅटिंगचे), आणि सहा जण पूर्ण झाले.

टब उचलणं अवघड नाही. अवघड आहे तो उतरवणं, कारण खालून बरंच काही वर यायचं असतं. स्टिअरिंगचा दांडा चेसीवर आधीच तिरका उभा असतो. चाक काढून ठेवलेलं, पण दांडा टबाच्या तळातल्या भोकातून नेमका वर यायला हवा. क्लच आणि ब्रेकचे दांडेही तळाच्या भोकांतून. गिअरचा दांडा मधून. म्हणजे सहा माणसांनी हातात जडशीळ लोखंड घेऊन, मागची बाजू आधी खाली, पुढची मग, असं तिरकं करत ते सगळ्या दांड्यांवर एकाच वेळी ओवायचं. आणि त्या सहांना खालचं काहीच दिसत नाही. दिसतं बाकीच्यांना, म्हणून बाकीचे बोलतात.

'डावीकडे घ्या!'

'कुणाच्या डावीकडे?'

'गाडीच्या!' पुढे उभे असलेले क्वालिटीवाले.

'गाडीची डावी म्हणजे ड्रायव्हर बसल्यावरची डावी,' टेंपोवाल्या अण्णांनी शास्त्र सांगितलं.

'ड्रायव्हर कुठाय?'

'तुमची पेट्रोलची टाकी आधी बघा, ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते,' सुभेदारांनी मधेच माहिती दिली. विलीजच्या जीपमध्ये चालक खरोखरच टाकीवर बसतो. बिडी ओढणाऱ्या ड्रायव्हरांनी तो योग कसा निभावला, हा एक वेगळा विषय आहे. पण सहा माणसं टब धरून उभी असताना तो काढायचा नसतो. अकादमीच्या एका पोराने विचारलं, 'काका, डिक्लेअर करताय का?' तेवढ्यात मिस्त्री चेसीखाली आडवे झाले, आतून दांड्याला हात घातला, आणि म्हणाले, 'सोडा. हळू.' स्टिअरिंगचा दांडा भोकातून वर आला. पाठोपाठ पॅडलचे दांडे. टब रबरांवर टेकला तो आवाज अगदी छोटा होता. टाळ्या मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या.

चाकणचा इंजिनिअर मुलगा म्हणाला, 'आमच्याकडे या स्टेशनला मॅरेज म्हणतात. बॉडी वरून येते, खालचं सगळं खालून येतं, आणि मिनिटांत जुळतं.'

'जुळायला वेळ लागत नाही,' काकू पातेलं घेऊन आत जाता जाता म्हणाल्या. 'बसायला लागतो.'

त्या बरोबर होत्या. सगळे बोल्ट आपापल्या भोकांत गेले, एक सोडून. जगातल्या कुठल्याही बॉडीचा कुठल्याही चेसीवर एक बोल्ट बसत नाही, हा नियम आहे, आणि त्याला व्हिंटेजची सवलत नाही. मागचा उजवा. वरचं भोक आणि खालचं भोक यांच्यात अर्ध्या बोटाचं अंतर. आत टॉर्च मारला तर खाली अमावास्येनंतरच्या चंद्राएवढी कोर दिसते, बस.

गोल कानशीने भोक मोठं करा, असं टेंपोवाले म्हणाले. मंजुरी घ्या, असं क्वालिटीवाले म्हणाले. पहार लावून सरकवा, असं सुभेदार म्हणाले. इंजिनिअर मुलाने फोनवर कसलंसं चित्र काढलं. पर्चेसवाले म्हणाले, त्या बोल्टची गरज काय, बाकीचे आहेतच की, एवढी बचत. टूलरूमवाल्यांनी सगळी चेसी पुन्हा मोजायचा प्रस्ताव ठेवला आणि तो पडला.

तेव्हा स्टुलावरून आवाज आला. 'पुढचा डावा कुणी आवळला?'

सगळे गप्प. पुढचा डावा बोल्ट गोटीपान्याने कचकचीत आवळलेला होता. चौकशीअंती कळलं की तो पर्चेसवाल्या साहेबांनी आवळला. सबंध कारकीर्द खरेदीत गेलेली, आयुष्यात पहिल्यांदा पाना हाती लागलेला. त्यांच्याने राहवलं नाही.

व्हीलनटवाले काका उठून आले. 'चाकाचा नटसुद्धा असा आवळत नाहीत,' ते म्हणाले. 'एक पक्का केला की चाक तिरकं बसतं, मग पाचवा काही जात नाही. आधी सगळे बोटाने लावायचे. मग समोरासमोरचे थोडे थोडे. मग पक्के. हेही तेच आहे. मोठं आहे एवढंच.' त्यांनी पाना घेतला, पुढचा डावा सैल केला, मग बाकीचे सगळे सैल केले. मिस्त्रींनी भोकात टॉमीचं निमुळतं टोक घातलं आणि टबाच्या कडेला लाकडाचा ठोकळा लावून एकच ठोका दिला. कोरीचा पूर्ण चंद्र झाला. बोल्ट आत गेला तो दोन बोटांनी. मग काकांनी एकेक बोल्ट आवळला: हा, मग त्याच्या समोरचा, मग तिरका पलीकडचा. हात नुसता वळत होता, डोळे भलतीकडेच. तीस वर्षांत त्या हाताने किती नट आवळले असतील याचा हिशेब टूलरूमवाल्या अण्णांनी लगेच मांडायला घेतला, पण आकडा व्हर्नियरच्या आवाक्याबाहेर गेला.

मला वाटतं, या पट्ट्याचं सगळं गुपित तिथे उघडं पडलं. इथल्या हजारो माणसांनी गाड्या बनवण्यात आयुष्य घालवलं, पण अख्खी गाडी त्यांच्यातल्या क्वचितच कुणी बनवली. कुणी नट आवळले, कुणी काच बसवली, कुणी रंगातला फुगा शोधला, कुणी त्या फुग्याच्या नोटशीटवर सही केली. प्रत्येकाला गाडीचा हातभर भाग माहीत, आणि तो इतका माहीत की उरलेल्या गाडीवर मत द्यायचा हक्क त्याला आपोआप मिळाल्यासारखा वाटतो. कारखान्यात या सगळ्यांना योग्य क्रमाने उभं करायचं काम कन्व्हेयर करतो. तो पुढे सरकतो, तुम्ही गप्प आपलं काम करता. गल्लीत कन्व्हेयर नसतो. तिथे ते काम भांडणाला करावं लागतं. म्हणून कारखान्यात बॉडी मिनिटांत बसते आणि थेरगावात रविवार जातो. पण कारखान्यात व्हीलनटवाल्याला बॉडीच्या बोल्टबद्दल कोण विचारणार होतं?

चाकणला आजही स्कॉर्पिओ-एन अशीच चेसीवर चढते. बाकी बहुतेक नव्या गाड्यांना वेगळी चेसी उरलेली नाही. पत्र्याच्याच घड्या घालून त्यातून ताकद काढतात. गाडी हलकी होते, डिझेल वाचतं, अपघातात पत्रा चुरगळून माणूस वाचतो. सगळं चांगलंच आहे. फक्त त्या गाड्या पन्नास वर्षांनी कुणी दुरुस्त करायला काढल्या तर उतरवणार काय आणि चढवणार काय? आणि पोहे कशाच्या निमित्ताने होणार?

दुपारी बॅटरी जोडली. काकांनी स्वतः दिव्याचं बटण ओढलं. दिवा लागला नाही. हॉर्न दाबला. वाजला नाही. मग पुन्हा अधिवेशन भरलं. बॅटरी उतरली, असं एक मत. फ्यूज, असं दुसरं. युनियनवाले म्हणाले, वायरिंगच्या माणसाला पूर्ण पैसे दिले नसणार. इंजिनिअर मुलाने विचारलं, हिला सॉफ्टवेअर असतं का. या गर्दीमुळे ज्याची रिक्षा गल्लीत अडकली होती तो रिक्षावाला बराच वेळ हॉर्न वाजवून कंटाळला, खाली उतरला, दोन माणसांच्या मधून डोकं घालून म्हणाला, 'साहेब, अर्थ दिलाय का?'

खाली रबर, वर रबर, चेसीला ताजा रंग, टबाला ताजा रंग. बॉडीचा आणि चेसीचा विजेच्या दृष्टीने संबंधच उरला नव्हता. करंट परत जाणार कुठून? एवढ्या ज्ञानी मंडळींत अर्थ द्यायचा राहून गेला होता. मिस्त्रींनी रुपयाएवढा रंग दोन्हीकडे खरवडला (क्वालिटीवाल्यांनी डोळे मिटून घेतले), तिथे तांब्याची विणलेली पट्टी बोल्टाखाली दाबली, आणि दोन्ही दिवे भर उन्हात लागले. जीपवाल्या काकांनी खातेवहीत लिहिलं: 'अर्थिंग पट्टी, एक. जमा.' रिक्षावाल्याला पोहे द्यायचे होते, पण ते संपले होते. त्याने मीटर चालू असल्याची आठवण करून दिली. त्यावर पर्चेसवाले काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

संध्याकाळी काकूंनी रिकामं पार्किंग झाडून घेतलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मंडळी मात्र कट्ट्यावर उदास बसली होती. आता फेंडर लावायचे, बोनेट बसवायचं, ही चिल्लर कामं. त्यात मतभेदाला फारसा वाव नाही. क्वालिटीवाले काका खडू हातात फिरवत होते. तेवढ्यात मिस्त्री निघता निघता सायकल थांबवून म्हणाले की काळेवाडीत एकाची जीप खोलून पडलीय, बॉडी अजून चढायचीय, मालक डॉक्टर आहे.

'डॉक्टर?' टूलरूमवाले अण्णा सावरून बसले. 'म्हणजे त्याला काहीच कळत नसणार.'

'येत्या रविवारी?' युनियनवाल्यांनी विचारलं. 'नाश्त्याला काय असतं त्यांच्याकडे?'

व्हीलनटवाले काका काही बोलले नाहीत. ते आत गेले आणि घरातून आपला स्वतःचा गोटीपाना घेऊन आले. पर्चेसवाल्यांनी तो दुरून पाहिला आणि विचारलं, 'कितीला?'